मे महिन्यातला एक दिवस, फक्त स्वतःसाठी

मे महिना लागला की आमच्या ओपीडीतली गर्दी थोडी बदलते. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, अर्धी सोसायटी कोकणात किंवा देशावर गेलेली असते. मागे राहिलेल्यांमध्ये उन्हाने आलेली चक्कर, जुलाब, लघवीची जळजळ हे नेहमीचे रुग्ण असतातच. पण त्यांच्याबरोबर आणखी एक तक्रार दबक्या पावलांनी येते. तपासून झाल्यावर, चप्पल पायात सरकवता सरकवता कोणीतरी म्हणते, "बाकी काही नाही डॉक्टर, पण हल्ली कशातच मन लागत नाही." रक्तदाब ठीक असतो, साखर आटोक्यात असते, थायरॉइडचा रिपोर्टही चांगला असतो.

अशा वेळी मी एक प्रश्न विचारते. "मावशी, कामाशिवाय, एकट्या, घराबाहेर शेवटच्या कधी गेला होतात?" बहुतेकींना प्रश्नच चटकन कळत नाही. मग उत्तरे येतात: बँकेत पासबुक भरायला, रेशन आणायला, नातवाला क्लासला सोडायला, नाहीतर इथे रुग्णालयात. ही सगळी कामेच झाली, असे म्हटले की त्या हसतात आणि विचारतात, "एकटीने कुठे जायचं? आणि कशाला?" निवृत्त झालेल्या काकांचे उत्तरही फारसे वेगळे नसते. ऑफिस होते तेव्हा लोकलने रोज प्रवास व्हायचा. आता पाय घरापासून भाजीबाजारापर्यंतच चालतात.

त्या 'कशाला?' आणि 'कुठे?' या दोन प्रश्नांची उत्तरे वैद्यकाच्या बाजूने देण्याचा हा प्रयत्न आहे. कारण छोट्या गोष्टींतून आनंद मिळणे ही चैन नव्हे, ती आरोग्याची खूण आहे. आणि न वापरलेल्या सांध्यासारखी ही क्षमताही न वापरल्याने आखडते.

आनंद वाटतो का, हा डॉक्टरांचा प्रश्न

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर एक अगदी छोटी प्रश्नावली वापरतात. तिच्यात दोनच प्रश्न आहेत. पहिला प्रश्न उदासीबद्दलचा नाही. गेल्या दोन आठवड्यांत एखादी गोष्ट करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का, हा तो प्रश्न. उदास, खिन्न वाटते का, हे दुसऱ्या क्रमांकावर येते. आपल्याकडे रुग्ण 'मी दुःखी आहे' असे सहसा सांगत नाहीत. चहाला चव लागत नाही, मालिका चालू असते पण डोक्यात शिरत नाही, देवपूजेतही मन नसते, असे सांगतात. आनंदाची चव जाणे हे तापाइतकेच नोंद घेण्याजोगे लक्षण आहे.

आता यातला महत्त्वाचा भाग. आपली समजूत अशी असते की आधी मन ताळ्यावर यावे, मग माणूस बाहेर पडेल. उपचारशास्त्राला याच्या उलट अनुभव आला आहे. मन लागत नाही म्हणून माणूस घरात बसतो, घरात बसल्यामुळे मनाला उभारी देणारे काही घडत नाही, त्यामुळे मन आणखी बसते. हे चक्र तोडायचे तर सुरुवात कृतीपासून करावी लागते. आवडीची किंवा पूर्वी आवडणारी एखादी छोटी गोष्ट ठरवून, वार-वेळ लिहून करायची. मन असो वा नसो. मन मागून येते. वर्तन सक्रियता असे या उपचाराला म्हणतात.

याचा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात मिळाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेतील सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्याबरोबर सहा ते आठ भेटींचा वर्तन सक्रियतेवर आधारलेला कार्यक्रम दिला. तो देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले दिसले. पहिल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. 'द लॅन्सेट'मध्ये २०१७ साली हे संशोधन छापून आले. एखादी छोटी, मनाजोगती गोष्ट ठरवून करणे औषधासारखे काम करू शकते, हे यातून दिसते.

सुट्टी असते, पण कोणाची?

सुट्टीचा हृदयाशी संबंध आहे का, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून हृदयविकाराचा एक प्रसिद्ध अभ्यास चालू आहे. त्यातल्या सुमारे साडेसातशे मध्यमवयीन स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. नोकरी न करणाऱ्या गृहिणींमध्ये हृदयविकाराच्या झटक्याशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला, त्यांत दिवसभर एकाकी वाटणे आणि क्वचितच सुट्टी मिळणे या दोन्ही होत्या. हृदयविकाराचा धोका असलेल्या बारा हजारांहून अधिक पुरुषांच्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासातही, दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये पुढच्या नऊ वर्षांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अर्थात सुट्टी घेऊ शकणारी माणसे मुळातच अधिक धडधाकट किंवा सुस्थितीतली असू शकतात, त्यामुळे सगळे श्रेय सुट्टीला देता येणार नाही. पण विश्रांतीचा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, एवढे नक्की.

मात्र कोणत्याही सुट्टीने हे साधत नाही. सबिना सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ साली खऱ्या विसाव्याचे चार घटक मांडले: कामाचा विचार डोक्यातून उतरणे, शरीर-मन सैल होणे, काहीतरी नवे करून पाहिल्याचे समाधान, आणि आपला वेळ आपल्या हातात असणे. हे चार निकष आपल्या घरातल्या मे महिन्याला लावून पाहा. गावी पंधरा माणसे जमलेली. सकाळी घावने-चहा, दुपारी मोठा स्वयंपाक, उन्हात पापड-कुरडयांची वाळवणे, संध्याकाळी पुन्हा चूल किंवा गॅस. मुलांची सुट्टी छान होते, पुरुषांची झोप भरून निघते. त्या स्वयंपाकघरातल्या बाईला वरच्या चारपैकी किती गोष्टी मिळाल्या? गाव बदलले, भांडी तीच राहिली. मुंबईत मागे राहिलेल्या सुनेची अवस्था निराळी नसते. शाळा नाही म्हणून मुले दिवसभर घरात, आणि अंथरुणाला खिळलेले सासरे असतील तर दाराबाहेर पडणेही मुश्कील.

दुसरा एक अभ्यास नेदरलँड्समधला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे दीड हजार लोक होते. सहलीला जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदात होते. परत आल्यावर मात्र बहुतेकांमध्ये हा फरक उरला नाही. ज्यांची सहल अतिशय निवांत झाली, त्यांच्यातच तो काही आठवडे टिकला. म्हणजे आनंदाचा मोठा वाटा वाट पाहण्यात असतो, आणि दमवून टाकणाऱ्या मोठ्या सहलीचा साठा लवकर संपतो. वर्षातून एकदा दहा दिवस धावपळ करण्याऐवजी दर महिन्याला एखादा निवांत दिवस मिळाला, तर वाट पाहण्याचे दिवसही वाढतात. शिवाय त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.

एकटीने, एकट्याने का?

कुटुंबाबरोबर जाण्यातला आनंद कमी लेखण्याचे कारण नाही. पण चार जणांत असलो की आपले लक्ष चौघांत वाटले जाते: कोणाला तहान लागली, कोण रुसले, किती वाजले. एकटे असताना हा हिशेब थांबतो. मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली एक साधा प्रयोग केला. लोकांना फक्त पंधरा मिनिटे एकटे बसवले. त्यानंतर त्यांच्या भावनांची धार उतरलेली दिसली. चिडचिड, ताण कमी झाला आणि अति उत्साहही खाली आला. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेतच. एकटेपणा लादलेला असतो आणि तो शरीराला अपाय करतो. एकांत आपण निवडलेला असतो आणि तो निववतो. घर माणसांनी भरलेले असूनही एकाकी असलेली बाई ओपीडीत रोज भेटते. तिला हवा असतो तो एकांत.

मग अडते कुठे? 'लोक काय म्हणतील' इथे. रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन यांनी २०१५ साली दाखवून दिले की, एकट्याने चित्रप्रदर्शन किंवा सिनेमा पाहायला जाताना माणसे आधीच ठरवून टाकतात की आपल्याला मजा येणार नाही, आणि लोक आपल्याला बिचारे समजतील. प्रदर्शन प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र एकट्याने गेलेल्यांचा आनंद सोबतीने गेलेल्यांच्या जवळपास तेवढाच भरला. शिकागोच्या लोकलमध्ये झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, अनोळखी प्रवाशाशी बोलायला सांगितलेल्या लोकांचा प्रवास त्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच सुखाचा झाला. आपल्या लेडीज डब्याला हे शास्त्रज्ञांनी सांगायला नको. तिथे मटार सोलता सोलता ओळखी होतात आणि बोरिवली येईपर्यंत एकमेकींची सुखदुःखे सांगून होतात. एकटी निघालेली बाई मुंबईत फार वेळ एकटी राहत नाही. राहायचे असेल तर खिडकी आहेच.

कुठे जायचे? घरापासून तासाभरावर

पहिल्या खेपेला लांब जाऊ नये. उपनगरात राहणाऱ्यांच्या नशिबाने जवळच बरेच काही आहे.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यावर एवढे मोठे जंगल जगात फार थोड्या ठिकाणी सापडते. सकाळी उघडताच आत जावे, उन्हे चढण्याआधी परतावे. दारापासून सुमारे सहा किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या कातळात कोरलेल्या शंभराहून अधिक गुंफा, त्याही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे घडत गेलेल्या. बहुतेक गुंफांजवळ खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. पावसाचे पाणी पन्हळींतून त्यांत उतरवायची सोय भिक्षूंनी केली होती. मेच्या उकाड्यात तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात जाऊन दहा मिनिटे नुसते बसावे. दगडाचा गारवा पाठीला जाणवतो आणि बाहेरचा आवाज विरत जातो. माकडांपासून खाऊची पिशवी मात्र सांभाळावी. सोमवारी उद्यान आणि लेणी बंद असतात.

अंधेरीकरांच्या दाराशी गिल्बर्ट हिल आहे. इमारतींच्या गराड्यात उभा असलेला हा सुमारे ६१ मीटर उंचीचा बेसॉल्टचा सुळका साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची खूण आहे. म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले त्या सुमाराची. वर गावदेवीचे मंदिर आहे आणि पायऱ्याही आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच मान वर करून पाहावे. तिथून वर्सोव्याच्या धक्क्यावर जाऊन मढला जाणारी होडी धरावी. पाण्यावरची जेमतेम काही मिनिटे, पण वाऱ्याचा वास बदलतो, माणसे बदलतात, आणि आपण कुठेतरी जाऊन आलो असे वाटते.

ऊन ज्यांना अजिबात चालत नाही, त्यांच्यासाठी माझी आवडती सूचना मेट्रोची आहे. घाटकोपरहून वर्सोवा मार्गावरच्या डी. एन. नगरला उतरावे, पुलावरून चालत अंधेरी पश्चिम स्थानकात जावे आणि दहिसरची गाडी धरावी. दहिसरला गाडी बदलून पूर्वेच्या मार्गाने गुंदवलीला यावे. तिथून पुन्हा पूल ओलांडून पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकात यावे आणि घाटकोपरला परतावे. डी. एन. नगर ते गुंदवली हा टप्पाच सुमारे पस्तीस किलोमीटरचा आहे. तोही थंडगार डब्यातून, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून. राष्ट्रीय उद्यान स्थानकाच्या आसपास पूर्वेकडची खिडकी सोडू नये. जंगलाच्या टेकड्या दिसतात. रोज ज्या रस्त्यावर आपण रिक्षात बसून वैतागतो, तोच वरून पाहताना वेगळा दिसतो.

मुलुंड आणि घाटकोपरची माणसे ज्या रेल्वेमार्गाच्या कडेला राहतात, त्याच मार्गाने १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडला की ठाण्याची खाडी लागते. २०२२ पासून ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणजे रामसर स्थळ आहे. हिवाळ्यात आलेले रोहित पक्षी पाऊस लागण्याआधी निघून जातात, म्हणून मेच्या सुरुवातीलाच जाऊन यावे. वनविभागाच्या ऐरोली केंद्रातून बोटीने नेतात. फेरीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा आधी चौकशी करावी. रोहित गुलाबी का दिसतो? त्याच्या खाण्यातल्या शेवाळात आणि छोट्या कोळंबीसारख्या जीवांत गाजरासारखी रंगद्रव्ये असतात, तीच त्याच्या पिसांत उतरतात. ही माहिती घरी नातवाला सांगायला उपयोगी पडते.

आणि यातले काहीच जमत नसेल तर आपला नेहमीचा रस्ता आहे. मे महिन्यात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो, गुलमोहर पेटतो, आपले राज्यफूल असलेला ताम्हण जांभळा होतो. स्टेशनबाहेर करवंदे, जांभळे, ताडगोळे घेऊन बायका बसलेल्या असतात. एक ताडगोळा घ्यावा, तिथेच बाकावर बसून सोलावा, घाई न करता खावा. घरच्यांसाठी बांधून घेणे नंतर.

पाहायचे कसे?

नुसते जाऊन येणे पुरेसे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ यांनी २००७ साली आनंद चवीने घेण्याच्या क्षमतेवर एक पुस्तक लिहिले. ही चव तीन वेळा घेता येते: आधी वाट पाहताना, प्रत्यक्ष अनुभवताना आणि नंतर आठवताना. त्यासाठी लक्ष लागते, आणि लक्षाचा सर्वांत मोठा चोर आपल्या हातात असतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०२० साली ज्येष्ठांवर केलेला प्रयोग सोपा आहे. साठी ते नव्वदीतल्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे एकटे फिरायला सांगितले. एका गटाला आणखी एक सूचना होती: लहान मुलाच्या नजरेने पाहा, थक्क करणारे काहीतरी शोधा. या गटातल्या लोकांना करुणा, कृतज्ञता यांसारख्या भावना अधिक जाणवू लागल्या. त्यांनी फिरताना काढलेल्या सेल्फीही तपासल्या गेल्या. आठवडे जातील तसे फोटोत त्यांचे हसू रुंदावत गेले आणि चौकटीत त्यांचा स्वतःचा आकार लहान होत, मागचा देखावा मोठा होत गेला.

इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ सालच्या पाहणीत, आठवड्याला एकूण दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांची प्रकृती आणि समाधान अधिक चांगले आढळले. ते दोन तास एकदम असोत वा तुकड्यांनी. म्हणून माझी चिठ्ठी अशी असते: फोन पर्समध्ये, आवाज चालू, स्क्रीन बंद. एक फोटो चालेल, चाळीस नकोत. घरी आल्यावर दोन ओळी वहीत लिहाव्या किंवा कोणाला तरी सांगाव्या. आठवणे हा प्रवासाचाच तिसरा भाग आहे.

उन्हाची पथ्ये

मुंबईचा उन्हाळा फसवा असतो. पारा नागपूरइतका चढत नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उन्हाने माणसे दगावली, ते समुद्राजवळच्या याच हवेत. तेव्हा सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर फिरू नये. सैल सुती कपडे, टोपी किंवा छत्री, आणि बरोबर पाण्याची बाटली असावी. ताक, लिंबू किंवा कोकम सरबत चांगले. मधुमेहींनी बिनसाखरेचे घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याला मर्यादा असते, त्यांनी किती प्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हात पाणी आणि क्षार लवकर कमी होतात. काही मानसिक आजारांची आणि ॲलर्जीची औषधे घाम कमी करतात. गोळ्या मनाने बंद करू नयेत, निघण्याआधी विचारावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि खिशात साखर ठेवावी. थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी ती खावी. डोके दुखणे, मळमळ, गळून जाणे ही उष्णतेच्या त्रासाची पहिली पायरी. सावलीत बसावे, पाणी प्यावे, घरी परतावे. बोलणे बरळल्यासारखे झाले, भान हरपले, अंग तापून ४० अंशांवर गेले तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

एक गोष्ट बायका डॉक्टरांनाही लाजत सांगतात. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मे महिन्यातली लघवीची जळजळ, मूतखड्याची कळ, चक्कर यांच्यामागे अनेकदा हेच असते. मुंबईत 'राइट टू पी' ही चळवळ २०११ पासून याच हक्कासाठी चालली आहे, ती उगीच नव्हे. तोवर बेत आखताना स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी पाहावे; मेट्रो स्थानकांत ती असतात. पाणी कमी करणे हा त्यावरचा उपाय नाही.

पहिले पाऊल छोटे

एकट्याने जाण्याची भीती असेल तर ती पायरीपायरीने उतरते. पहिल्या आठवड्यात दोन स्थानके पुढे जाऊन चहा पिऊन परत. दुसऱ्या आठवड्यात दोन तास. तिसऱ्यात अर्धा दिवस. छाती धडधडली तर लगेच परत फिरू नये. बाकावर बसून सावकाश श्वास सोडावा, काही मिनिटांत ती ओसरते. छातीत दुखणे, चालताना दम लागणे ही मात्र भीती समजू नये, ती तपासून घ्यावी. घरी एका माणसाला मार्ग आणि परतीची वेळ सांगावी. पर्समध्ये नाव, आजार, औषधे आणि घरचा नंबर लिहिलेला कागद असावा. फोन बंद पडला तरी कागद बोलतो. ११२ आणि रेल्वेचा १३९ हे क्रमांक पाठ असावेत.

हात बसला की पुढचा टप्पा एसटीचा. महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, आणि 'आवडेल तेथे प्रवास' या योजनेत चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनी आगारातून सुटणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत उभे राहण्यातही मौज आहे.

हे सगळे करूनही कशाची चव लागत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक बिघडली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर सहलीवर भिस्त ठेवू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जवळच्या शासकीय किंवा पालिका रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. नैराश्याला औषध आहे.

शेवटची विनंती घरच्यांना. आईला, बायकोला, सासूला 'जा की, कोण अडवतंय' असे म्हणणे सोपे असते. तिला अडवणारी माणसे सहसा नसतातच. अडवतात ती दुपारची पोळी-भाजी, अंथरुणावरच्या सासऱ्यांची औषधे आणि पाचला येणारे पाणी. ती कामे त्या दिवसापुरती कोणीतरी नावानिशी अंगावर घेतली तरच ती बाहेर पडेल. परत आल्यावर 'जेवायला काय आहे?' हा पहिला प्रश्न नसावा. 'काय पाहिलंस?' असे विचारावे आणि ती सांगेल तेवढे ऐकावे.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर आपण दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, लाइट बिल सगळे लिहितो. मे महिन्याच्या पानावर, सोमवार सोडून एका सकाळच्या चौकटीत आपले स्वतःचे नाव लिहा. घरातल्या प्रत्येकाला ते दिसू द्या.